पुराचे पाणी ओसरले, पण झोप परतली नाही

शाहूपुरीतील ताईंना सप्रेम नमस्कार.

2019 च्या महापुरात तुमच्या घरात पाणी शिरले. तेव्हापासून पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की तुम्ही रात्ररात्र जागता, आणि यंदा पाणी उतरून चार महिने झाले तरी झोप जागेवर आलेली नाही, असे तुम्ही लिहिता. रात्री नऊलाच अंथरुणाला पाठ टेकून सकाळी सहाला उठता, पण त्या नऊ तासांत झोप जेमतेम साडेपाच तास लागते, आणि ही तूट दुपारी पडून भरून काढता.

गोळी नको, हा तुमचा आग्रह रास्त आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेनेही 2016 मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर औषधाआधी विचार व सवयी बदलणारी उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस केली आहे.

निद्रानाश ज्या कारणाने सुरू होतो, त्याच कारणाने तो टिकतो असे नाही. तुमचा सुरू झाला पुराच्या धास्तीने. आज तो टिकला आहे तो झोप भरून काढण्याच्या तुमच्या प्रामाणिक धडपडीमुळे. माणूस जितके तास सलग जागा राहतो तितकी झोपेची ओढ वाढते; दुपारी पडल्याने आणि नऊलाच आडवे झाल्याने ती ओढ पुरेशी साठतच नाही, आणि उरलेले साडेतीन तास कूस बदलत काढल्यामुळे अंथरूण म्हणजे काळजी करण्याची जागा, अशी मनाची सवय होऊन बसते.

म्हणून सहाला उठणे रोज, रविवारीसुद्धा, तसेच ठेवा, दुपारची झोप बंद करा आणि रात्री बाराच्या आत अंथरुणावर जाऊ नका. घरची मंडळी याला विरोध करतील. त्यांना हे उत्तर वाचायला द्या. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात शांतपणे बसा आणि डोळे जड झाल्यावरच परत या. घड्याळ नजरेआड ठेवा. पुराची काळजी संध्याकाळी वहीत उतरवा, आणि कागदपत्रे कुठे हलवायची, सासूबाईंना कोणाकडे न्यायचे, हेही तिथेच ठरवून टाका. संध्याकाळचा चहा सोडा, कारण त्यातील कॅफिन निम्मे उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

पहिले दोन आठवडे जड जातील, दिवसा पेंग येईल. त्या काळात दुचाकी चालवू नका. अंथरुणातील वेळेपैकी सुमारे 85 टक्के वेळ झोप लागू लागली, की दर आठवड्याला पंधरा मिनिटे लवकर झोपायला जा. मात्र झोपेत मोठ्याने घोरून श्वास अडकत असेल, फिट येत असतील किंवा द्विध्रुवी मनोविकाराचा (बायपोलर, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येणाऱ्या आजाराचा) इतिहास असेल, तर झोपेचे तास कमी करण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा.