बोटांवरून स्वभाव

प्रश्न : काका, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी बिलं करते. पुण्याच्या एका नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा दिली. निकालात गुणांशेजारी शेरा आला : ‘चंचल, दडपणाखाली गोंधळते’. स्वभावाचा एकही प्रश्न नव्हता! विचारलं तर म्हणाले, टायपिंगवरून कॉम्प्युटर ओळखतो. घराखालीच लूम चालतात, त्या धुळीनं आमच्या लॅपटॉपचा स्पेसबार अडकतो. पण शेरा खरा असेल का?
— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : अगं, निम्मंच खरं. मी तारघरात होतो. साउंडर, म्हणजे तारेचे ठोके वाजवणारं यंत्र, कडकडायला लागला की चार शब्दांत कळायचं, पलीकडे पंढरपूरचा कोण बसलाय. प्रत्येकाचा ‘हात’ वेगळा. कॉम्प्युटर तेच मोजतो : कळ किती मिलिसेकंद दाबली, पुढच्या कळीवर जायला किती वेळ लागला, बॅकस्पेस किती वेळा. त्यावरून ‘ही तीच मुलगी’ हे बऱ्यापैकी ओळखता येतं. ‘ही मुलगी कशी’ हे मात्र वेगळं काम.

एकदा बार्शीचा हात अडखळायला लागला. आम्ही चहावर ठरवूनही टाकलं, गडी घरी भांडून आलाय. आठवड्यानं भेटला, तर तर्जनीला नखुरडं! चिंधी गुंडाळून तारेची कळ दाबत होता बिचारा.

स्वभाव ओळखण्याचे प्रयोग झालेत, नाही असं नाही. 2015 सालच्या एका अभ्यासात फेसबुकवरच्या 10 लाइकांवरून कॉम्प्युटरनं सहकाऱ्यापेक्षा, 70 वरून मित्रापेक्षा आणि 300 च्या आसपास लाइक मिळाले तेव्हा जोडीदाराइतका अचूक अंदाज बांधला. (आमच्या हिला सांगितलं तर म्हणाली, त्यात काय मोठंसं.) पण अंदाज पडताळला कशाशी? त्या लोकांनी स्वतःच भरलेल्या प्रश्नावलीशी. शिवाय लाइक म्हणजे आवडीनिवडी, वर्षानुवर्षं साठलेल्या. तुझ्याकडून घेतली ती तासाभराची बोटं. स्पेसबार अडकला की तू परत दाबणार, चिकटलेले शब्द खोडणार. कॉम्प्युटरला स्पेसबार दिसत नाही, खाडाखोड दिसते.

युरोपियन युनियनमध्ये कामाच्या ठिकाणी भावना ओळखणारी यंत्रं फेब्रुवारी 2025 पासून बंद आहेत, उपचार आणि सुरक्षेपुरती सूट सोडून. तू पुण्याला साधा ईमेल टाक : शेरा कशावरून दिला, आणि कीबोर्ड बिघडला होता म्हणून परत बसू द्याल का. दुसऱ्या खेपेला ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर बस. घरचा लॅपटॉप उलटा करून झटकून बघ, काय काय पडतं ते मलाही कळव.