ट्रॉम्बोन वाजवणे शरीराला झेपते का, आणि पुण्यात राहून त्यावर चरितार्थ चालतो का?

नमस्कार. आपण लिहिले आहे की आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला शाळेच्या बँडमुळे ट्रॉम्बोनची ओढ लागली आहे, त्याला ते वाद्य पुढे गांभीर्याने शिकायचे आहे, आणि घरातली वडीलधारी मंडळी मात्र सांगतात की फुंकून फुंकून फुफ्फुसे निकामी होतात आणि शेवटी वरातीतच वाजवावे लागते. मी लष्कराच्या बँडमध्ये १७ वर्षे ट्रॉम्बोन वाजवला, निवृत्तीनंतर खडकीत स्थायिक झालो, काही वर्षे लग्नसराईत ब्रास बँडबरोबर फिरलो आणि आता मुलांना शिकवतो. त्यामुळे आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर अनुभवावरून देऊ शकतो.

आपण आरोग्य आणि पोटापाण्याचा व्यवसाय असे दोन प्रश्न वेगवेगळे विचारले आहेत. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. ट्रॉम्बोनमुळे वादकाचे शरीर क्वचितच बिघडते. किती वेळ वाजवायचे, किती मोठ्याने वाजवायचे आणि कधी थांबायचे हे ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे उरला नाही की ते बिघडते, आणि तो अधिकार उरतो की नाही हे पोटासाठी तो कुठे वाजवतो यावर अवलंबून असते.

आधी वाद्याविषयी थोडे सांगतो, कारण पुढचे सारे त्याच्या घडणीतूनच निघते. नेहमीच्या टेनर ट्रॉम्बोनची नळी उलगडली तर सुमारे पावणेतीन मीटर भरते. ट्रम्पेटसारख्या कळा तिला नसतात. उजव्या हाताने एक सरकती नळी पुढे-मागे करायची, तिच्या सात जागा असतात आणि प्रत्येक जागेला स्वर अर्ध्या सुराने उतरतो. या जागांवर कोणतीही खूण नसते. पहिलीपासून दुसरी जागा साधारण आठ सेंटिमीटरवर आणि पुढचे प्रत्येक अंतर थोडे थोडे वाढत जाणारे, त्यामुळे व्हायोलिनप्रमाणेच सगळी भिस्त कानावर असते. आपल्याकडच्या श्रोत्यांना हे वाद्य लगेच आपलेसे वाटते, कारण त्यात खरी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, निघते. मात्र सात जागा म्हणजे सहाच अर्धसुरांचा प्रवास. म्हणून सा पासून तीव्र मध्यमापर्यंत अखंड मींड घेता येते, पण सा पासून पंचमापर्यंत एका सलग ओढीत जाता येत नाही, मध्ये ओठांनी सूर बदलावाच लागतो. शास्त्रीय संगीत शिकलेल्या विद्यार्थ्याला मी हे पहिल्याच आठवड्यात दाखवतो आणि तो हमखास चकित होतो.

उजवा हात असा सतत फिरत असल्याने वाद्याचा सगळा भार डाव्या हातावर येतो. वजन दीड-दोन किलोच असते, पण ते तासभर खांद्याच्या उंचीवर धरून पाहा. नवख्या वादकाची पहिली तक्रार फुफ्फुसांची नसते, ती डाव्या मनगटाची, अंगठ्याच्या मुळाची आणि मानेची असते. वाद्य ओठांपर्यंत आणण्याऐवजी मुले मान पुढे काढून वाद्याकडे जातात आणि दुखणे तिथूनच सुरू होते. सुरुवातीला वीस मिनिटे वाजवून पाच मिनिटे वाद्य खाली ठेवण्याची सवय लावली तर बहुतेकांचे दुखणे वाढत नाही.

आता फुफ्फुसांची भीती. ट्रॉम्बोनला हवा भरपूर लागते, पण नळी रुंद असल्याने ती तुलनेने कमी दाबाने वाहते. सनईच्या जातीतल्या ओबोमध्ये किंवा ट्रम्पेटच्या वरच्या सुरांत हवा अडवून जो जोर लावावा लागतो, तितका इथे सहसा लागत नाही. जोराने फुंकताना डोळ्यांतला दाब तात्पुरता वाढतो हे मात्र खरे आहे. म्हणून घरात कोणाला काचबिंदू असेल तर मुलाचे डोळे एकदा तपासून घ्यावेत, आणि हर्नियाचा त्रास असेल किंवा त्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाद्य हातात घेऊ देऊ नये. निरोगी मुलाला यापलीकडे चिंतेचे कारण नाही.

मी विद्यार्थ्यांना ज्या धोक्याची वारंवार आठवण करून देतो, तो वेगळाच आहे. २०१० साली ‘चेस्ट’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रॉम्बोनवादकाची हकीकत प्रसिद्ध झाली होती. वय ३५, आणि खोकला तब्बल १५ वर्षांचा. काही दिवस वाद्य बंद राहिले की खोकला कमी होई. अखेरीस डॉक्टरांनी वाद्याच्या आतला थर तपासला, तेव्हा त्यात क्षयरोगाच्या जंतूंच्या जातकुळीतले जीवाणू आणि बुरशी सापडली. श्वास घेताना तेच कण छातीत जात होते आणि फुफ्फुसांना त्यांची ॲलर्जी झाली होती. वाद्य नियमितपणे अल्कोहोलने स्वच्छ होऊ लागल्यावर त्याचा त्रास गेला. हे वाचल्यावर मी माझा जुना ट्रॉम्बोन त्याच संध्याकाळी सुटा केला. बाहेरची नळी न्हाणीघरात तिरपी धरून तिच्यात कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब सोडले, लवचीक ब्रश आरपार ओढला, आणि पहिल्या ओढीला जे बाहेर पडले ते पाणी नव्हते, हिरवट काळा गाळ होता, शेवाळलेल्या टाकीच्या तळाशी असतो तसा. रोज मी त्याच नळीला तोंड लावत होतो. तेव्हापासून माउथपीस, म्हणजे ओठांना लावायचा सुटा तुकडा, रोज आणि नळ्या दर पंधरा दिवसांनी धुणे हा माझ्याकडे शिकण्याचा पहिला नियम आहे. पाणी कोमटच असावे. कढत पाण्याने वाद्यावरचा लॅकर, म्हणजे चकचकीत लेप, उडतो. आणि दुसऱ्याचा माउथपीस न धुता कधीही ओठांना लावू नये. हंगामात एकाच वाद्यावर तीन-तीन जण वाजवतात, म्हणून हे लिहावे लागते.

ओठांविषयी मात्र मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. सूर उमटतो तो माउथपीसच्या कड्यात थरथरणाऱ्या ओठांतून. तोंडाभोवतीचा स्नायू हाच वादकाचा खरा पडदा, आणि तो थकला की आवाज आधी फाटतो, मग वरचे सूर नाहीसे होतात. तिथे थांबणे हा एकच उपाय असतो. ते टाळायचे असेल तर माउथपीस ओठांवर अधिक दाबून थोडा वेळ सूर काढता येतात, पण त्या दाबाने ओठातला रक्तप्रवाह अडतो आणि स्नायूला इजा होते. लुई आर्मस्ट्राँग या ट्रम्पेटवादकाच्या टोपणनावावरून या दुखापतीला ‘सॅचमो सिंड्रोम’ असे नाव पडले आहे.

एका लग्नसराईत माझ्या बँडमालकाने एकाच दिवशी तीन सुपाऱ्या घेतल्या होत्या. सकाळची वरात झाली, दुपारी दुसऱ्या कार्यालयाबाहेर दोन तास झाले, आणि रात्रीच्या वरातीत माझा वरचा ओठ बधिर झाला. मी थांबू का असे विचारले, तेव्हा थांबणाऱ्याला त्या दिवसाची बिदागी मिळणार नाही असे उत्तर मिळाले. मी दाबून वाजवत राहिलो. दुसऱ्या दिवशी आरशात वरच्या ओठावर माउथपीसच्या कडेचे सुजलेले अर्धे वर्तुळ दिसले आणि मधल्या सप्तकाच्या वर एकही सूर लागेना. सहा आठवडे मी फक्त मंद्रातले लांब, हलके सूर वाजवले, रोज दहा मिनिटांपासून सुरुवात करून. ओठ परत आला, पण त्या हंगामाची कमाई गेली. लष्करात असताना असे कधी घडले नाही, कारण तिथे सराव, विश्रांती आणि कार्यक्रम यांचे वेळापत्रक ठरलेले होते आणि पगार किती सूर वाजवले यावर ठरत नव्हता.

कानांचेही असेच आहे. व्यावसायिक आरोग्यशास्त्रातल्या एका प्रचलित मापानुसार ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर आवाज १०० डेसिबलपलीकडे गेल्याचे मोजमाप वेळोवेळी प्रसिद्ध झालेले आहे, आणि तिथला वादक बेलबाग चौकातून अलका चौकापर्यंत तासन् तास त्याच आवाजात चालतो. सरकती नळी पुढच्याच्या पाठीला लागू नये म्हणून संचलनात ट्रॉम्बोन बहुधा पहिल्या रांगेत ठेवतात. वाद्यवृंदात मात्र ते मागे, तालवाद्यांच्या लगत बसतात. दोन्हीकडे कानांवर मारा असतोच. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळेसुद्धा उपयोगी पडतात. माझ्या डाव्या कानात गेली अनेक वर्षे एक बारीक शिट्टी वाजते, ती रात्री विशेष जाणवते, आणि ती टाळता आली असती याचे मला वाईट वाटते.

दातांविषयी एवढेच की वरचे पुढचे दात माउथपीसला आधार देतात. मुलाला तारा लावायच्या असतील तर दंतवैद्यांना वाद्याची कल्पना द्यावी.

आता चरितार्थ. ब्रास बँडच्या कामाला मी कमी लेखत नाही. पुण्यात प्रभात आणि दरबार या बँडची नावे विसर्जन मिरवणुकीशी घट्ट जोडलेली आहेत आणि त्यांतले वादक एकदा ऐकलेले गाणे तासाभरात बसवतात, हे मी पाहिले आहे. पण हे काम तुळशीच्या लग्नापासून ज्येष्ठापर्यंतचे, आणि चातुर्मासात गणपती-नवरात्राचे; मधल्या काळात दुसरा धंदा लागतो. त्यात स्पीकरच्या भिंतींनी बरीच कामे खाल्ली आहेत. एकेकाळी मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गोव्याच्या ब्रासवादकांना नियमित काम होते. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यातले ट्रॉम्बोनवादक ब्लास्को मोन्सोरेट यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. सिंथेसायझर आल्यावर त्या कामाला ओहोटी लागली. जुन्या गाण्यांच्या प्रत्यक्ष वाद्यवृंदासह होणाऱ्या कार्यक्रमांमुळे पुण्यातल्या नाट्यगृहांत ब्रास पुन्हा ऐकू येते, पण महिन्याचा खर्च त्यावर भागत नाही.

पाश्चात्य अभिजात संगीतासाठी सर्वांत जवळचा व्यावसायिक वाद्यवृंद म्हणजे मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रामध्ये २००६ साली सुरू झालेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया. त्यातले बरेच वादक परदेशातून येतात, त्यामुळे तिथे पोहोचण्याची पातळी फार वरची आहे. तिथला ताणही वेगळा आहे. बीथोवनच्या १८०८ साली प्रथम सादर झालेल्या पाचव्या सिम्फनीत ट्रॉम्बोन तीन भाग गप्प बसतात आणि थेट चौथ्यात उठतात. मिरवणुकीतला वादक विश्रांतीसाठी तळमळतो आणि हा माणूस गार पडलेल्या ओठांनी वाट पाहत बसतो. पण त्याला किती वाजवायचे ते आधीच छापलेले असते.

माझा मार्ग लष्कराचा होता. लष्करी बँडचे शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये मिळते, आणि बँडच्या जवानाला युद्धकाळात जखमींना उचलण्याचे व शुश्रूषेचे कामही करावे लागते, हे मुलाला आधीच सांगा. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २०२२ पासून भरती अग्निपथ योजनेतून चार वर्षांसाठी होते आणि जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच पुढे कायम केले जाते. माझ्यासारखी १७ वर्षे आणि त्यानंतरचे निवृत्तिवेतन आता गृहीत धरता येत नाही. हवाई दल आणि नौदलातही वादकांची भरती होते व त्यात वाद्याची परीक्षा असते, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना जे सांगतो तेच आपल्याला सांगतो : पदवीचे शिक्षण सोडू नये, त्याबरोबर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या संगीत परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्थांच्या आठ श्रेणींपैकी वरच्या श्रेणींपर्यंत पोहोचावे, कारण शाळांना बँड शिकवणारे शिक्षक हवे असतात आणि तिथे ते प्रमाणपत्र कामी येते. शिकवण्याचे उत्पन्न ठरलेले असले की सुपारी नाकारता येते. मी गेली काही वर्षे दिवसाला एकच कार्यक्रम घेतो आणि ओठ थकला की वाद्य खाली ठेवतो, ते शिकवण्याच्या पैशामुळे जमते.

वाद्य लगेच नवे घेण्याची घाई करू नका. मेरठमध्ये बनलेले स्वस्त ट्रॉम्बोन सहज मिळतात, पण जुने वाद्य घेणार असाल तर मुलाला बरोबर न्या आणि सरकती नळी आधी तपासा. वाद्य उभे धरून बाहेरची नळी हळूच सोडली तर ती आपल्या वजनाने सरसर खाली आली पाहिजे. खाली हात धरून ठेवा, नाहीतर ती जमिनीवर आदळेल. मध्ये कुठे अडखळली तर नळीला पोचा आहे असे समजावे आणि कितीही स्वस्त मिळत असले तरी ते वाद्य घेऊ नये, कारण अडखळणाऱ्या नळीवर मुलगा मनगटाने झटके द्यायला शिकेल आणि ती सवय मोडायला मला पुढे वर्ष लागेल.