आजीची चिमणी चौथ्या पानावर कशाला?

प्रश्न : ताई, मी बँकेतून निवृत्त झाले आहे. राजा केळकर संग्रहालयातले दिवे पाहताना मला आजी आठवली. ती रात्री रॉकेलच्या चिमणीपुढे बसून पोथी वाचायची. त्यावर मी अडीच हजार शब्दांचा लेख लिहिला. एका मासिकाकडून तो ‘साभार परत’ आला. मी कलेची अभ्यासक नाही. असे लेख साहित्यिक मासिकं घेतात का? दोन-तीन ठिकाणी एकदम पाठवला तर चालेल का? लेख सोबत जोडला आहे.
– एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुमचा लेख मी दोनदा वाचला. पहिली तीन पानं संग्रहालयाची माहिती आहे. दिनकर केळकरांनी वस्तू कशा जमवल्या, ते ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत, 1975 मध्ये त्यांनी संग्रह राज्य सरकारच्या हाती सोपवला. सगळं बरोबर आहे, पण तिथे जाऊन आलेलं कुणीही हे लिहील. आजी येते चौथ्या पानावर. पान उलटताना ज्योत हलू नये म्हणून ती डावा तळहात आडवा धरायची आणि त्या तळहाताला काजळीचा वास यायचा. तिथे मी वाचायची थांबले, डोळे मिटून बसले. तुमचा लेख तिथे सुरू होतो.

मासिकं असे लेख घेतात, आणि अभ्यासक नसणं आड येत नाही. फडके-खांडेकरांच्या पिढीने लघुनिबंध लिहिला तो स्वतःच्या आवडीनिवडीच्या बळावरच. मी एका दिवाळी अंकासाठी बरीच वर्षं आलेला मजकूर वाचत असे. चित्रं, मूर्ती, पुस्तकं यांवरचे लेख पुष्कळ यायचे. परत जायचे त्यांतल्या बहुतेकांत लिहिणारा माणूसच सापडायचा नाही. म्हणून पहिली तीन पानं काढा. जीव तुटेल, पण काढा.

त्यातली एक गोष्ट मात्र ठेवा. संग्रहालयाला ज्याचं नाव आहे तो राजा म्हणजे केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. आत्ता हे वाक्य दुसऱ्या पानावर एकटं पडलं आहे. ते आजीच्या तळहाताशेजारी आणून ठेवा आणि पुढे काही समजावून सांगू नका.

एकदम अनेक ठिकाणी पाठवण्याबद्दल : नको. तरुणपणी मी एकच लेख दोन मासिकांना पाठवला होता. दोन्हींकडून उत्तर येईना म्हणून मी गप्प राहिले, आणि एकाच महिन्यात तो दोन्हीकडे छापून आला. त्यातल्या एका संपादकांनी मला साधं पोस्टकार्ड लिहिलं. रागाचा एक शब्द नव्हता, म्हणूनच ते अजून सलतं. एका ठिकाणी पाठवा, दोन-अडीच महिने थांबा, मग विचारा. उत्तर आलं नाही तर लेख मागे घेत असल्याचं कळवून दुसरीकडे पाठवा. दिवाळी अंकासाठी असेल तर जूनमध्येच द्या, गणपतीनंतर पानं बहुधा भरलेली असतात.

सोबतचं पत्र चार ओळींचं पुरे : लेखाचं नाव, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याचा उल्लेख, तुमचा पत्ता-फोन. फेसबुकवर आधी टाकलात तर अनेक संपादक तो प्रकाशितच धरतात. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा, जुन्या फॉन्टमधली जोडाक्षरं दुसऱ्या संगणकावर फुटतात. दिव्यांचे फोटो जोडणार असाल तर संग्रहालयाची परवानगी आधी घ्या.

आणि एक राहिलं. आजी कोणती पोथी वाचायची, हे अख्ख्या लेखात कुठेच नाही. आठवत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. मला ते वाचायचं आहे.