पानफुटी की पाषाणभेद?

पंचवटीतील एका जुन्या वाड्याच्या भिंतीत, दोन दगडांच्या सांध्यातून उगवलेल्या जाड, रसाळ पानांच्या रोपाचे छायाचित्र पाठवून एका वाचकाने विचारले आहे की, आजी याला ‘पानफुटी’ म्हणते आणि शेजारचे काका ‘पाषाणभेद’, तर खरे नाव कोणते?

माझ्या मते आजींचे. पानांच्या कडांना गोलसर दाते आहेत, खालची पाने एकेरी असून वरच्या पानांना तीन ते पाच दले आहेत, आणि दांड्यावर हिरवट-तांबूस, फुगीर फुले घंटांसारखी खाली लोंबत आहेत. ही सारी लक्षणे पानफुटीची. तरीही शंका उरल्यास एक पान ओलसर मातीवर नुसते टाकून ठेवावे, म्हणजे काही दिवसांत कडेच्या खाचांतून इवली रोपे डोकावू लागतील.

नावातील ‘फुटणे’ हे मोडण्याचे नव्हे, तर उगवण्याचे आहे. कोंब, पालवी, इतकेच काय, मिसरूडही मराठीत ‘फुटते’, त्याच अर्थाने येथे पानाला रोप फुटते. ‘फूट’ दीर्घ असला तरी ‘पानफुटी’त शेवटचे अक्षर दीर्घ असल्याने ‘फु’ ऱ्हस्वच लिहावा. शास्त्रीय व्यवहारात रूढ असलेल्या ‘ब्रायोफायलम’ या नावातही ‘अंकुरणे’ आणि ‘पान’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द आहेत, म्हणजे आजींचा शब्द शास्त्राच्या तसूभरही मागे नाही.

‘पाषाणभेद’ हे नाव दगड फोडून उगवते म्हणून पडले असावे, असा काकांचा समज दिसतो. भिंतीकडे पाहता तो स्वाभाविक आहे. परंतु आयुर्वेदात पाषाणभेद मुतखड्यावर सांगितला आहे आणि त्याचेच ‘अश्मभेद’ हे दुसरे नाव ‘अश्मरी’ म्हणजे मुतखडा या शब्दाशेजारी ठेवले, की येथे भेदायचा पाषाण शरीरातला आहे हे ध्यानात येते. पाषाणभेद म्हणून सामान्यतः ओळखली जाते ती वनस्पती हिमालयातील आहे. पानफुटी मूळची मादागास्करची, तेव्हा जुन्या संस्कृत ग्रंथांतील पाषाणभेद हीच असणे संभवत नाही. हिलाही मुतखड्यावरचे औषध मानू लागल्यावर ते नाव चिकटले असावे.

हिला ‘घायमारी’ असेही म्हणतात, कारण पान गरम करून घावावर बांधण्याची रीत आहे. मात्र दोरासाठी वाख देणारा, शेताच्या बांधावरचा ‘घायपात’ अगदी वेगळा. नावातील ‘घाय’ पाहून दोहोंची गल्लत करू नये.