नोकरी सोडून इस्टेट एजंट होऊ का?

‘मॅडम, नोकरी सोडून प्रॉपर्टीच्या लाइनमध्ये उतरू का?’ हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे मुंबईच्या सगळ्या उपनगरांतून येतो. त्यातल्या एकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

भांडुपचा, चौतिशीचा, औषध कंपनीच्या गोदामात नोकरी. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून आला होता. डावीकडे फायदे: भांडवल कमी, डोक्यावर साहेब नाही, एक कोटीच्या फ्लॅटवर एक टक्का धरला तरी लाख रुपये. उजवीकडे तोटे: पगार नाही, रविवार नाही, पितृपक्षात बाजार थंड. पान भरलं होतं, निर्णय मात्र वर्षभर अडला होता.

“काय झालं तर उडी घ्याल?” मी विचारलं.

“सहा महिन्यांत जम बसलाच पाहिजे. तेवढी खात्री हवी.”

“आणि नाही बसला तर?”

“मग मी नालायकच, नाही का?”

तिसऱ्या भेटीत मी त्याला तीच दोन वाक्यं ‘च’ काढून म्हणायला सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग सावकाश म्हणाला, “सहा महिन्यांत जम बसावा, असं मला वाटतं. नाही बसला तर... पैशांची ओढाताण होईल.”

“आणि तुम्ही?”

“मी... आहे तसाच असेन.”

एवढं म्हणून त्यानं वही ओढली, रेघ मारलेलं पान उलटलं आणि घरखर्च मांडायला घेतला. मी काहीच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांनंतरही असा क्षण आला की माझं मन भरून येतं. त्याची भीती धंद्याची नव्हतीच, स्वतःवर लादलेल्या अटीची होती. अट सुटली, की उरतो तो हिशोब, आणि हिशोब मांडता येतो.

तो हिशोब मी सगळ्यांनाच मांडायला लावते. हप्त्यांसकट निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला आहे का? डील ठरलं म्हणजे ब्रोकरेज हातात आलं असं नसतं. पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, कर्ज अडकतं, दस्त लांबतो. महारेरात, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदवलेल्या प्रकल्पांतली घरं विकायची तर एजंटलाही नोंदणी लागते आणि 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. ही तयारी नोकरीत राहून होते; राजीनाम्याची घाई कशाला? आणि घरी बोललात का? त्यानं बायकोला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं!

पुढचे चार रविवार तो एजंट असलेल्या मावसभावासोबत नुसता फिरला. लिफ्ट बंद, एकाच पार्टीला चार मजले तीनदा चढून घर दाखवलं, आणि ती ‘कळवतो’ म्हणून गेली ती गेलीच.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“वाईट वाटलं. पण संध्याकाळी दुसऱ्या पार्टीला घेऊन आम्ही परत चढलो.”

सध्या तो गोदामातच आहे. परीक्षेचा अभ्यास चालू आहे, आणि वही आता बायकोकडे असते.