पाणवनस्पती हव्यात? आधी भातशेताकडेचं डबकं बघा

ताई, तुम्ही विचारलंय की नववीच्या पोरांसमोर पाणवनस्पतींवर बोलायचंय, जिवंत नमुने हवेत, बेळगावच्या आसपास कुठे मिळतील. राकसकोप डोक्यातनं काढा, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. भीमगड अभयारण्य, तिथलं पानसुद्धा परवानगीशिवाय उचलायचं नाही. आणि बळ्ळारी नाल्यात जलपर्णी कितीही दिसली तरी त्या सांडपाण्यात हात घालू नका.

त्यापेक्षा पाऊस ओसरला की देसूर-गर्लगुंजीकडं भातशेतांच्या कडेची डबकी, गावतळी बघा, मालकाला विचारून. पाण्यावर इवली पिवळी फुलं वर आलेली आणि खाली केसांसारखा हिरवा गुंता दिसला की थांबा, ती बहुतेक युट्रिक्युलेरिया, किडे पकडून खाणारी पाणवनस्पती. मुळं नसतातच तिला. चिमूटभर गुंता पांढऱ्या ताटलीत त्याच पाण्यात पसरून भिंग धरा, देठाला बारीक बारीक फुगे लटकलेले दिसतील, काही काळपट, कारण आत पाण्यातला किडा जिरतोय. फुग्याच्या दाराशी असलेल्या केसांना किड्याचा धक्का लागला की दार उघडून पाणी किड्यासकट आत ओढलं जातं, सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात! पोरं ताटलीपासनं हलत नाहीत, मी बघितलंय.

दुसरी व्हॅलिस्नेरिया, लांब रिबिनीसारखी पानं. गावात सगळे शेवाळ म्हणतात पण शेवाळ नव्हे ते, हिला फुलं येतात. नरफुलं पाण्याखाली सुटून रव्याच्या कणांसारखी वर येतात, तरंगत तरंगत मादीफुलापर्यंत जातात, आणि परागण झालं की मादीफुलाचा लांब देठ बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखा आवळून फळाला पाण्यात ओढून घेतो. तो पिळलेला देठ पोरांच्या तळहातावर ठेवा, फळ्यावर चित्र काढायला नको. फुलं नाही मिळाली तर हायड्रिला घ्या, तीही पाण्याखाली वाढणारी वनस्पती, काचेच्या ग्लासात उन्हात ठेवून चिमूटभर खायचा सोडा टाका, प्राणवायूचे बुडबुडे सुटताना दिसतात.

नेताना मात्र जपा. मी पहिल्यांदा कोरड्या पिशवीत कोंबून भर दुपारी गाडीवरनं आणलं होतं, शाळेत पोचेपर्यंत सगळ्याचा लगदा, फार वाईट वाटलेलं. त्याच डबक्याचं पाणी बरणीत भरून घ्या, नळाचं नको, क्लोरीन असतं. उरलेलं दुसऱ्या तळ्यात टाकू नका, जिथलं तिथंच नेऊन सोडा. दक्षिण अमेरिकेची जलपर्णी माणसांनीच इकडंतिकडं नेली आणि आज तिनं तळी झाकून टाकलीत.

व्याख्यान शनिवारी सकाळी असेल तर शुक्रवारी संध्याकाळी मी देसूरकडं येतो, गमबूट दोन जोड आहेत माझ्याकडं.