सर्रा, गोमाशी आणि दुकानातलं इंजेक्शन

प्रश्न (खानापूर-आटपाडी भागातून तिघांनी जवळपास एकच विचारला आहे) : आफ्रिकेतली त्सेत्से माशी आपल्याकडे आली असून तिच्यामुळे जनावरांना सर्रा होतोय, असा व्हिडिओ फिरतोय. दुकानदार ‘त्सेत्सेचं औषध’ म्हणून फवारणीची बाटली आणि एक इंजेक्शन देतोय. म्हैस दोन दिवस तापते, मग खाते, परत तापते. दूध निम्म्यावर आलंय. काय करू?

उत्तर : बाटली आणि इंजेक्शन दोन्ही परत करा. त्सेत्से आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेला राहते. भारतात ती नाही. सर्रा, म्हणजे रक्तातल्या जंतूमुळे येणारा ताप, मात्र आपल्याकडे आहे आणि जुना आहे. त्याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला (आता पाकिस्तानात) घोड्याउंटांच्या रक्तात पाहिला, म्हणून त्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी.

हा जंतू आफ्रिकेतल्या जंतूंचाच भाऊबंद. त्सेत्सेच्या पोटात वाढायला त्यांना जो खास डीएनए लागतो, त्यातला मोठा भाग याने गमावलाय. त्यामुळे याला माशीच्या पोटात वाढता येत नाही. याला फक्त सोंडेला लागलेलं ओलं रक्त हवं. गोमाशी चावली की जनावर शेपूट मारतं, माशी उठते आणि शेजारच्या जनावरावर बसते. तेवढ्या काही मिनिटांत काम झालं. म्हणून आजारी जनावर त्याच दावणीला ठेवू नका, निदान पन्नास पावलं लांब बांधा. माशी उठून एवढ्या लांब सहसा जात नाही, त्याच जनावरावर परत बसते.

जे माशी करते तेच सुई करते. एकाच सुईने दहा जनावरं टोचणारा माणूस गोठ्यात घेऊ नका. लस असो, टॉनिक असो, प्रत्येक जनावराला नवी सुई. याबाबत मी कुणाचीही भीड ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

आता दुकानाचं. चढउतार करणारा ताप दिसला की कुणी ‘तिवा आहे’ म्हणतं, कुणी ‘गोचीडताप’, आणि तिन्हींवर एकच इंजेक्शन पुढे करतं. तिवा तीन-चार दिवसांत उतरतो. गोचीडतापातल्या थायलेरियात गाठी सुजतात, बबेशियात लघवी लाल होते, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. सर्र्यात ताप येत-जात राहतो, जनावर खाऊनही वाळतं, डोळ्याच्या आतली कातडी पांढरी पडते, पायावर किंवा जबड्याखाली सूज येते, बुबुळावर पांढरा पडदा येतो. काही जनावरं गोल फिरतात, गव्हाणीला डोकं लावून उभी राहतात. अशा जनावराच्या तोंडात हात घालू नका. ते पिसाळलेलंही असू शकतं.

इंजेक्शनच्या आधी रक्त तपासा. आधी. ताप चढलेला असताना कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घ्यायचं. सुई मारून झाल्यावर पट्टी आणून ‘काहीच दिसत नाही’ म्हणणारे मला दर पावसाळ्यात भेटतात. एका पट्टीत जंतू दिसला नाही म्हणजे सर्रा नाही, असंही नाही. पुढचा ताप चढला की दुसरी पट्टी घ्या.

डोस वजनावर ठरतो, ‘मोठी म्हैस, दोन बाटल्या ठोका’ असा नाही. सर्र्यावरचं क्विनापायरामिन कातडीखालीच द्यायचं, शिरेत कधीच नाही. जास्त झालं तर जनावर लाळ गाळतं, थरथरतं, कोसळतं. दुसरं औषध डायमिनाझिन, ते घोड्याला आणि कुत्र्याला अंदाजाने देणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि उंटाला तर ते देऊच नये. पैसे वाचवायला अर्धा डोस देणारेही तितकंच नुकसान करतात. जंतू मरत नाही, औषधाला सरावतो, मग पुढच्या वेळी पूर्ण डोसही चालत नाही. वजन काढायला टेप घ्या. छातीचा घेर गुणिले घेर गुणिले लांबी (खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या मुळाजवळच्या हाडापर्यंत), सगळं इंचांत, भागिले ६६०. घेर ७० आणि लांबी ६० असेल तर साधारण ४४५ किलो. हा आकडा डॉक्टरांना सांगा. औषध कोणतं आणि किती, ते त्यांनाच ठरवू द्या.

आणि उसाच्या हुमणीसाठी आणलेलं क्लोरपायरीफॉस जनावराच्या अंगावर मारू नका. गोठ्यातही नको. माशीने चावलेलं जनावर नाही, विषाने आडवं पडलेलं जनावर उचलायला मला यावं लागतं. पिकाचं औषध पिकाला. जनावरासाठीचं डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के असेल तर लिटरला २ मिली, लेबलवर आहे तेवढंच. ‘थोडं कडक करा’ हा सल्ला ऐकू नका.

विमा : कानात १२ अंकी बिल्ला नसेल तर दावा विसरा. हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्के. बाकी चौकशी दवाखान्यात. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी फोन १९६२.

प्रश्न (वाळवा) : आफ्रिकेत वांझ नर सोडून माशी संपवली असं वाचलं. आपल्याकडे सरकार तसं का करत नाही?

उत्तर : वाचलं ते खरं आहे. झांझिबारच्या उंगुजा बेटावर किरणोत्साराने वांझ केलेले नर विमानातून सोडले, आणि १९९७ मध्ये ते बेट त्सेत्सेमुक्त जाहीर झालं. पण ती माशीच वेगळी. तिची मादी बहुतेक आयुष्यात एकदाच नराकडे जाते. अंडी घालत नाही, एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला आतल्या आत दूध पाजते आणि नऊ-दहा दिवसांनी पूर्ण वाढलेली अळी मातीत सोडते. सगळ्या जन्मात मोजकी पिल्लं. अशा मादीला वांझ नर भेटला की तिचा वंश तिथेच थांबतो. आपली गोमाशी ओढ्याकाठच्या पानावर एका वेळी शेकड्यांनी अंडी घालते, तिच्या जाती कितीतरी, आणि कारखान्यासारखी ती पाळताही येत नाही. ते तंत्र इथे चालणार नाही.

इथे चालतं ते फावडं. गोठ्यात चावणारी बारीक माशी ओल्या वैरणीत, मुतात भिजलेल्या पाचटात अंडी घालते. उन्हाळी दिवसांत अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा गव्हाणीखालचं सगळं ओलं उकरून पातळ पसरा, वाळू द्या. उकिरडा गोठ्यापासून लांब न्या, ढीग पलटत राहा, आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. एक आठवडा चुकला की पुढच्या महिन्यात माश्या दिसतात. कृष्णाकाठच्या ज्या गोठ्यांत हे होतं, तिथे मला औषधाची चिठ्ठी क्वचित लिहावी लागते. शिवाय निळ्या-काळ्या कापडाचा सापळा लावा, त्या रंगावर गोमाशी आणि चावरी माशी दोन्ही येतात. गोमाशीसाठी भर उन्हात जनावरं ओढ्यावर नेणं टाळा, तेव्हाच ती जास्त चावते.

प्रश्न (माण) : हा रोग माणसाला होतो का?

उत्तर : जवळजवळ कधीच नाही. आपल्या रक्तात एपीओएल-१ नावाचं प्रथिन असतं, ते हा जंतू मारतं. २००४ च्या सुमारास चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला मात्र झाला होता. तपासणीत त्याच्या या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या. सुरामिन या औषधाने तो बरा झाला. तुम्ही एवढंच करा : हाताला जखम असेल तर आजारी जनावराचं रक्त किंवा गाभडलेलं वासरू उघड्या हाताने हाताळू नका, आणि मेलेलं जनावर कुत्र्यांना टाकू नका, खोल पुरा.